फाइल अंगावर आली म्हणून एलएल.एम.?

कराडच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय. तिचं म्हणणं थोडक्यात असं: "पुण्यात तीन वर्षांच्या एलएल.बी.चं शेवटचं सेमिस्टर चालू आहे. पुढं न्यायाधीश व्हायचंय. जिल्ह्याच्या ठिकाणी एका नामांकित दिवाणी वकिलांकडे इंटर्नशिप केली, ते ज्युनिअर म्हणून घ्यायला तयार आहेत. पण चुकीचा कागद लावला म्हणून त्यांनी एकदा चार पक्षकारांसमोर फाइल माझ्या अंगावर फेकली. सुतळी सुटून कागद टेबलाखाली गेले, ते मी गुडघ्यावर बसून गोळा केले. कोणता कागद चुकला होता हे आजतागायत कळलेलं नाही. पुण्यातल्या एका फर्मचा महिना ३५ हजारांचा प्रस्ताव आहे, पण तिथली मुलं रात्री अकराच्या आत बाहेर पडत नाहीत. बाबा म्हणतात, आधी एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) कर, डिग्री हातात असली की कुणी असं वागवणार नाही. काय करू? आणि जाता जाता: कोट-गाऊन आत्ताच घ्यावा का?"

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. एलएल.एम. कुठल्या विषयात, कुठल्या विद्यापीठात, कशासाठी, यातलं त्यात काहीच नाही. तपशील आहेत ते सुतळीचे आणि टेबलाखालच्या कागदांचे. म्हणजे पुढं शिकायचं की नाही हा तुमचा खरा प्रश्न नाहीच. त्या ऑफिसात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, आणि घरी तसं सरळ सांगायला जीभ वळत नाही, म्हणून एलएल.एम. मध्ये आलंय. यात लाजण्यासारखं काही नाही. मी सांगलीत २३ वर्षं दिवाणी कामं करते, आणि माझ्या पहिल्या ऑफिसातून मीही अशीच पळाले होते. फक्त माझं निमित्त बी.एड.चं होतं. फॉर्मसुद्धा आणला होता.

बाबांचं म्हणणं काळजीपोटी आहे, पण बार रूममध्ये ते टिकत नाही. फाइल फेकणारा माणूस समोरच्याची पदवी बघून हात आवरत नाही. उलट "एलएल.एम. झालीय, तरी कागदयादी लावता येईना" हा टोमणा मी स्वतःच्या कानांनी ऐकलाय, एका हुशार मुलीच्या वाट्याला आलेला. पदवीनं तुमचं संरक्षण होणार नाही. तुमच्यासारख्या न्यायाधीश व्हायला निघालेल्या मुलीला तर ती आत्ता मागेच ठेवेल. ते कसं, ते आधी सांगते.

पूर्वी आपल्याकडे पहिल्या प्रयत्नात चांगल्या गुणांनी पास झालेल्या ताज्या पदवीधरांनाही दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेला बसता यायचं. बाबांच्या डोक्यात कदाचित तोच काळ असेल. २० मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं किमान ३ वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. (त्या खंडपीठाचे प्रमुख आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते.) ही ३ वर्षं बार कौन्सिलकडे (वकिलांची नोंदणी करणाऱ्या संस्थेकडे) तात्पुरती नोंदणी झाल्यापासून मोजायची, ऑल इंडिया बार परीक्षा (वकिलीची पात्रता परीक्षा) पास व्हायची वाट बघायची गरज नाही. ती परीक्षा मात्र नोंदणीपासून २ वर्षांत पास व्हावी लागते. न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेलं कामही अनुभवात धरलं जातं. आणि या ३ वर्षांचा दाखला कोण देणार? त्या न्यायालयाचे प्रमुख न्यायिक अधिकारी, किंवा १० वर्षांहून कमी वकिली नसलेला वकील. पण वकिलानं दिलेल्या दाखल्यावरही प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांची संमतीची सही लागते. परीक्षेची जाहिरात येईल तेव्हा तिच्यातल्या अटी अक्षरन् अक्षर वाचाच, पण आजची तयारी हे धरूनच करा.

आता जोडून बघा. एलएल.एम.च्या वर्गात बसलेलं वर्ष कोण वकिली म्हणून लिहून देणार? आणि ज्याच्या ऑफिसात तुम्ही ३ वर्षं असाल, त्याच्या सहीवर किंवा त्या कोर्टात तुमचं तोंड ओळखीचं असण्यावर तुमचा दाखला अवलंबून. म्हणून ऑफिसातलं वातावरण हा मन दुखण्या-न दुखण्यापुरता विषय राहिलेला नाही.

माझ्या पहिल्या ऑफिसात मी १४ महिने होते. तिथं कुणी फाइल फेकली नाही. वागणं अगदी सौम्य, 'बाळ' म्हणून हाक मारायचे. पण त्या १४ महिन्यांत एकाही वकीलपत्रावर (पक्षकार वकील नेमतो त्या कागदावर) माझं नाव आलं नाही. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) उतरवून घ्यायचा, नकलांचे अर्ज द्यायचे, बेलिफामागं हिंडायचं, तहकुबीचा (तारीख पुढं ढकलण्याचा) अर्ज घेऊन उभं राहायचं आणि "वकीलसाहेब वरच्या कोर्टात आहेत" एवढंच म्हणायचं. एकदा एका दिवाणी न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "आपण कोणाच्या वतीनं?" मी पक्षकाराचं नाव सांगितलं. त्यांनी वकीलपत्र उघडलं, माझं नाव शोधलं, आणि काही न बोलता मिटलं. रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीत, त्या दिवशी 'वादीचे वकील गैरहजर' असं पडलं. मी समोर उभी होते. बी.एड.चा फॉर्म आणला तो त्याच संध्याकाळी.

म्हणून ऑफिस बघताना आरडाओरडा होतो का, एवढंच बघू नका. गोड बोलणाऱ्या ऑफिसातही वर्षं वाया जातात. पहिला प्रश्न हा विचारा: "वकीलपत्रावर तुमच्याबरोबर माझं नाव घालाल का?" हो म्हणाले तर पुढचं बोलणं. "बघू, आधी शिक तर" म्हणाले तर तिथं ज्युनिअर म्हणून कोण कोण होतं आणि किती दिवस, हे शोधा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर वकिलाच्या नावानं खटले शोधता येतात. त्यांच्या सध्याच्या ज्युनिअरचं नाव टाकून बघा. पाच वर्षं काम करणाऱ्या माणसाच्या नावावर तिथं चारच दावे दिसले, तर काय समजायचं ते समजा.

आता त्या फेकलेल्या फाइलबद्दल. कडक माणूस आणि अपमान करणारा माणूस यांत फरक आहे, आणि नव्या मुलांना तो सुरुवातीला कळत नाही. माझे दुसरे सीनिअर भयंकर कडक होते. एका वाटपाच्या दाव्यातली कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) त्यांनी मला सात वेळा लिहायला लावली. प्रत्येक वेळी लाल पेन्सिलीनं एकच जागा खुणावायची आणि म्हणायचं, "परत." सातव्यांदा माझ्या लक्षात आलं, की वादीनं दाव्यात सातबाराच्या एका फेरफाराचा उल्लेख केला होता आणि मी तो ना कबूल केला होता, ना नाकारला होता. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ८ प्रमाणे जे स्पष्टपणे नाकारलेलं नाही ते कबूल धरलं जातं. पुस्तकात हे मी वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण हाडात भिनलं त्या पेन्सिलीमुळं. त्या काळात मी घरी येऊन रडले नाही असं नाही. पण पक्षकारासमोर त्यांनी एक शब्द कधी काढला नाही. चुकीबद्दलचं बोलणं चुकीपाशीच थांबायचं. माझ्या आईबापांपर्यंत किंवा 'मुलींना हे जमायचं नाही' इथपर्यंत गेलं नाही.

तुमच्या सीनिअरांबद्दल मला सगळ्यात खटकलेली गोष्ट फेकण्याची नाही. कोणता कागद चुकला हे तुम्हाला अजून माहीत नाही, ती आहे. रागाच्या भरात फाइल फेकून संध्याकाळी शेजारी बसवून "हे बघ, इथं मूळ कागद लावायचा होता, तू झेरॉक्स लावलीस" असं सांगणारे लोक मी पाहिलेत. त्यांचंही वागणं मी बरोबर म्हणणार नाही, पण त्यांच्याकडून माणूस काहीतरी घेऊन जातो. तुम्हाला मात्र नुसता अपमान मिळाला, शिकायला काहीच नाही. (माझा अंदाज विचाराल, तर बहुतेक कागदयादीतला अनुक्रम आणि मागं लावलेल्या कागदांचा अनुक्रम जुळत नसेल. सुरुवातीला सगळ्यांचं हेच चुकतं. यादी करून कागद लावू नका. कागद लावून, नंबर टाकून, मग यादी करा.)

तिथं जाऊ नका. कारण त्यांचा राग नव्हे. तिथं तीन वर्षांत तुम्ही काय शिकाल याची काहीच खात्री नाही, हे कारण.

मुलगी म्हणून आणखी एक गोष्ट सांगणं भाग आहे. १० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून छोट्या जागेसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. हा २०१३ चा कायदा आहे. तीन टेबलांच्या चेंबरमध्ये अंतर्गत समिती नसणार, हे उघड आहे. आणि जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलंय, की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकर असं नातं नाही, त्यामुळं वकिलाविरुद्धची अशी तक्रार त्या कायद्याखाली बार कौन्सिलकडे नेता येत नाही; ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ३५ खाली व्यावसायिक गैरवर्तनाची वाट उरते. सांगायचा मुद्दा हा, की छोट्या ऑफिसात पाऊल टाकण्यापूर्वीच डोळे उघडे ठेवा. संध्याकाळी ऑफिस किती वाजता बंद होतं, तेव्हा आणखी कोण असतं, तालुक्याच्या तारखांना कसं जायचं, हे विचारायला संकोच करू नका. आणि ऑफिसातल्या जुन्या कारकुनाशी दोन शब्द बोला. कारकून वीस-वीस वर्षं टिकलेला असेल तर मालक बहुधा बरा असतो. दर वर्षी कारकून बदलत असेल तर ज्युनिअरनं तिथं काय टिकायचं?

फर्मबद्दल मी जरा जपून बोलते, कारण मी कधी फर्ममध्ये काम केलेलं नाही. माझ्या दोन ज्युनिअर पुण्या-मुंबईच्या फर्ममध्ये गेल्या, त्यांच्याकडून कळलं तेवढंच. ३५ हजार ही तुमच्या घरच्या परिस्थितीप्रमाणे मोठी रक्कम असू शकते, आणि शैक्षणिक कर्जाचा हप्ता डोक्यावर असेल तर ते सगळ्यात मोठं कारण ठरतं. त्यात कमीपणा नाही. पण ते काम कोर्टाचं आहे की करारांचं? करार तपासण्याचं असेल तर रात्री अकरापर्यंत बसूनही तुमच्या तीन वर्षांच्या दाखल्याला त्याचा फारसा उपयोग नाही. आणि पगार कसा देणार ते विचारा. बऱ्याच फर्म 'व्यावसायिक शुल्क' म्हणून १० टक्के टीडीएस कापून पैसे देतात. म्हणजे तुमची सनद (वकिलीचा परवाना) शाबूत राहते, पण भविष्यनिर्वाह निधी वगैरे काही नाही. कुणी पूर्णवेळ पगारी नोकरी देऊ केली, उदाहरणार्थ एखाद्या कंपनीच्या कायदा विभागात, तर बार कौन्सिलच्या नियम ४९ प्रमाणे वकिली थांबवावी लागते. मग ती वर्षं वकिलीत धरायची नाहीत. रात्री अकराचं म्हणाल, तर एका मुलाला बाजूला घेऊन एवढंच विचारा: "काम नसताना आठला निघालं तर काय होतं?" काम असताना रात्र होणं आमच्याकडेही असतं, पुराव्याची तारीख असली की मीही बाराला झोपते. काम नसतानाही साहेब बसलेत म्हणून बसायचं, ते वेगळं.

मग एलएल.एम. कुणी आत्ताच करावं? ज्याला मनापासून शिकवायचंय त्यानं. सहायक प्राध्यापक व्हायला पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. त्या वाटेनं जायचं तर उशीर करण्यात अर्थ नाही. फक्त तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या दोन-तीन जणांशी आधी बोला, म्हणजे 'प्रोफेसर होशील' या वाक्यात किती वर्षं लपलेली असतात ते कळेल. ज्याला राष्ट्रीय विधि विद्यापीठात एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला शिष्यवृत्तीसह जागा मिळतेय, किंवा ज्याच्या घरी आजारपण आहे आणि एक वर्ष जरा सैल वेळापत्रक हवंय, त्यानंही करावं. क्लॅट पीजीचे (एलएल.एम.च्या प्रवेशपरीक्षेचे) गुण काही सरकारी उपक्रम कायदा अधिकारी नेमताना धरतात, हाही एक फायदा. परदेशी एलएल.एम.साठी कर्ज काढायचा विचार असेल, तर ते कर्ज कराडच्या कोर्टातल्या फीमधून फिटत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मी एलएल.एम. केलं, पण सात वर्षं प्रॅक्टिस केल्यावर. कारण सांगते. माझ्याकडे मिरज तालुक्यातल्या एक आजी यायच्या, भावांविरुद्ध वाटपाचा दावा. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मतःच सहदायादाचा (वडिलोपार्जित मालमत्तेतल्या वाटेकऱ्याचा) हक्क मिळाला. पण आजींचे वडील त्याआधीच वारले होते. समोरच्या वकिलांचं म्हणणं, दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात नव्हता, मग हक्क कसला? आजी मला म्हणाल्या, "बाप आधी मेला म्हणून मी त्याची लेक न्हवं व्हय?" मला उत्तर देता येईना. न्यायालयांतही दोन्ही बाजूंचे निवाडे होते. तो प्रश्न घेऊन मी एलएल.एम.ला गेले, कोर्टाची कामं कमी करून, आणि प्रबंध त्याच्यावरच लिहिला. दोन वर्षं मला कधी कंटाळा आला नाही, कारण प्रत्येक निवाडा वाचताना त्या आजी डोळ्यांसमोर असायच्या. पुढं ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा निवाड्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ९ सप्टेंबर २००५ ला बाप हयात असण्याची गरज नाही. आजी तोवर गेल्या होत्या. त्यांच्या मुलाला मी फोन करून सांगितलं. पदवी मिळाल्यावर मी काही वर्षं इथल्या लॉ कॉलेजात शिकवलंही. वकिलानं दिवसाला ३ तासांपर्यंत कायदा शिकवायला बार कौन्सिलची आडकाठी नाही. म्हणजे बाबांची प्रोफेसरची इच्छाही अशी मागाहून थोडीफार पुरी होऊ शकते.

तर तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं? निकाल लागला की पहिल्यांदा सनद. नोंदणीचं शुल्क सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ ला खुल्या वर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपयांवर बांधून दिलंय. वर 'इतर' म्हणून कुणी काही मागितलं तर पावती मागा. मग ना ते नामांकित वकील, ना फर्म. तिसरी जागा शोधा, आणि ती कराडमध्येच शोधा. तिथं वरिष्ठ स्तराचं दिवाणी न्यायालय आहे, जिल्हा व सत्र न्यायालयही आहे, म्हणजे सुरुवातीला लागतं ते सगळं आहे. १२ ते १८ वर्षं प्रॅक्टिस झालेला, अजून स्वतः पुरावा चालवणारा माणूस हवा. नामांकित माणसाकडे सहा ज्युनिअर असतात आणि सहाव्याच्या वाट्याला तहकुबीच येते. मधल्या वयाच्या वकिलाला मात्र हात कमी पडत असतात. तो तुम्हाला सहा महिन्यांत एखाद्या तलाठ्याचा सरतपास (आपल्या बाजूच्या साक्षीदाराची पहिली तपासणी) घ्यायला उभं करील. दाखला द्यायला त्याची १० वर्षंही झालेली असतात. आधी पंधरा दिवस त्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसा. ज्युनिअर अडखळला की सीनिअर काय करतो, तेवढं बघा. काही जण उठून त्याला बाजूला सारतात. काही जण बसल्या जागेवरून चिठ्ठी सरकवतात. चिठ्ठी सरकवणारा निवडा.

पैशाचं बोलणं पहिल्या भेटीतच करा. बार कौन्सिल ऑफ इंडियानं ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअरला शहरी भागात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार द्यावेत असं सुचवलंय. सक्ती नाही, आणि तालुक्याला तेवढं मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. मला २००२ मध्ये ५०० रुपये मिळायचे, आणि ते मागताना जी लाज वाटायची ती मी माझ्या ज्युनिअरना वाटू देत नाही. घरी राहून जमत असेल तर १५ हजारांपेक्षा कमीवर पहिलं वर्ष काढा. पण आकडा ठरलेला हवा, आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बोलायचं हेही ठरलेलं हवं. 'देऊ की, घरचीच आहेस' यावर जाऊ नका.

पहिल्या दिवसापासून एक डायरी ठेवा: तारीख, दाव्याचा नंबर, कोर्ट, वकीलपत्रावर नाव आहे का, त्या दिवशी काय केलंत. तीन वर्षांनी दाखला मागायला जाल तेव्हा समोरच्या अधिकाऱ्याची बदली होऊन नवा आलेला असेल, आणि त्याला तुमचं तोंड ओळखीचं नसेल. डायरी आणि रोजनामे दाखवता आले तर काम सोपं.

कोट-गाऊनचं: गाऊन आत्ता नको. खालच्या न्यायालयांत तो ऐच्छिक आहे, उच्च न्यायालयात मात्र लागतो. पूर्वी आम्ही एका तारखेसाठी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर मुंबईला जायचो. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच चालू झालंय आणि सातारा जिल्हा तिच्याच खाली येतो, त्यामुळं गाऊनची वेळ तुमच्यावर आमच्यापेक्षा लवकर येईल. तेव्हा घ्या. कोट मात्र आत्ताच शिवून घ्या, उन्हाळ्यात खालच्या कोर्टात त्याची सक्ती नसली तरी. तयार घेऊ नका, त्याचे खिसे नुसते दाखवायला असतात. शिंप्याला डायरी नेऊन दाखवा, आणि आतला खिसा तिच्या मापाचा करायला सांगा.